पाहण्याचा अधिकार आणि पाहण्याची रीत : नाशिक नगरीतील यात्रिक, संग्रहालये व सायंकाळ यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

युरोपातील जुन्या राजधान्यांत परदेशी पाहुण्याचा दिवस ठरावीक पद्धतीने जातो. सकाळी राजवाडे, चर्च व जुने चौक, दुपारी वस्तुसंग्रहालय आणि रात्री नाट्यगृह, संगीतगृह किंवा मद्यगृह असा हा क्रम असतो. पॅरिसमधील लूव्र येथील राजसंग्रह १७९३ साली जनतेसाठी खुला झाला, तर लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांना पाहता येऊ लागले. राजाच्या किंवा धनिकाच्या मालकीचे जे होते, ते सामान्य नागरिकाला व परक्या पाहुण्याला पाहता यावे, हा या घटनांचा गाभा होता. पुढे हाच क्रम जगभरच्या पर्यटनाचा नमुना ठरला आणि आज भारतीय शहरांची माहितीपत्रकेही बहुधा याच साच्यात तयार होतात.

नाशिकही त्याला अपवाद नाही. पंचवटी, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर, नाणेसंग्रहालय आणि द्राक्षमळ्यातील संध्याकाळ, अशी यादी पाहुण्याच्या हाती दिली जाते. परंतु बाहेरून येणाऱ्याचे स्वागत करण्याची या नगरीची परंपरा युरोपीय पर्यटनाहून कितीतरी जुनी आहे. तिचे नियम वेगळे होते आणि तिच्या मर्यादाही वेगळ्या होत्या. येथे कोणी यावे, कोठवर यावे, काय पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ कोणी सांगावा, हे प्रश्न प्रत्येक कालखंडात वेगवेगळ्या रीतीने सोडविले गेले. प्रस्तुत निबंधात नाशिकच्या इतिहासाकडे या प्रश्नांच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

गोवर्धनची निवासस्थाने

नाशिक परिसरात प्रवाशांची सोय केल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर सापडतो. येथील २४ लेण्यांपैकी १० क्रमांकाच्या विहारात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. आपल्या दानधर्माची मोठी यादी त्याने त्यांत दिली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या ठिकाणी त्याने चौसोपी घरे व उतारूंसाठी निवासस्थाने बांधून दिली. शोर्पारग म्हणजे आजचे सोपारा. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी आहे. याच यादीत बागा, तलाव व विहिरी यांचा उल्लेख येतो. दमण, तापी इत्यादी नद्यांवर त्याने फुकट नावांची व्यवस्था केली आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या.

हा लेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहे. तेथे आलेला माणूस कोणत्या हेतूने आला, याची चौकशी त्यात नाही. व्यापारी, भिक्षू, ब्राह्मण व वाटसरू या सर्वांच्या वाटचालीचा विचार दात्याने केलेला दिसतो. याच दात्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि १००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून विहारात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. पाहुण्याची सोय धनिकाच्या तात्कालिक औदार्यावर न सोडता तिला कायम उत्पन्नाची जोड देण्याची ही रीत, अर्थव्यवहाराच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

१८ क्रमांकाच्या चैत्यगृहावरील एका लेखात नाशिकच्या लोकांचा स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे डोंगरावरील ही वास्तू केवळ राजघराण्यांच्या दानातून उभी राहिली नाही. नगरवासीयांचाही तिला हातभार लागला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिककरांनी आपले नाव जेथे प्रथम कोरून ठेवले, ती जागा बाहेरून येणाऱ्या भिक्षूंसाठी होती, ही गोष्ट या नगरीच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे.

यात्रिकाची फेरी आणि उपाध्यायांच्या वह्या

मध्ययुगात मुसलमानी अमलाखाली हे शहर गुलशनाबाद या नावाने ओळखले जात होते. अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांचा अंमल स्थिरावल्यावर नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले आणि गोदाकाठाला आज दिसणारे रूप येऊ लागले. नारोशंकरांचे मंदिर १७४७ मध्ये, तर सुंदरनारायण मंदिर १७५६ मध्ये पूर्ण झाले. त्र्यंबकेश्वरचे सध्याचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधावयास घेण्यात आले. पंचवटीतील काळारामाचे मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी शतकाच्या अखेरच्या दशकांत उभारले. वसईच्या विजयाची स्मृती म्हणून नारोशंकर मंदिरावर टांगलेली घंटा तर मराठी भाषेत वाक्प्रचाराच्या रूपाने कायमची वसली.

या काळातील पाहुणा म्हणजे यात्रिक. त्याची फेरी शास्त्राने व रूढीने ठरवून दिलेली असे. रामकुंडावर क्षौर व स्नान, तीर्थश्राद्ध, आप्तांच्या अस्थींचे विसर्जन, नंतर नंदी नसलेले म्हणून प्रसिद्ध असलेले कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा आणि शेवटी तपोवन, असा हा क्रम होता. परतताना गोदावरीचे पाणी भरलेला तांब्याचा गडू घरी न्यावयाचा, ही रीत होती. नाशिकच्या तांबटआळीतील तांब्यापितळेच्या भांड्यांना जो लौकिक मिळाला, त्यामागे यात्रिकांची ही सततची मागणी होती. आजच्या पर्यटनात ज्याला स्मरणवस्तू म्हटले जाते, तिचे हे आधीचे रूप होय.

या यात्रिकांचा मार्गदर्शक म्हणजे क्षेत्रोपाध्ये. त्याच्या घरी यजमान उतरत, त्याच्याकडेच जेवत आणि त्याच्याच वहीत आपले नाव, गाव, कुळी व सोबत आलेल्या आप्तांची नावे लिहून ठेवत. प्रांत, गाव व आडनाव यांनुसार लावलेल्या या वह्या पिढ्यान् पिढ्या जपल्या गेल्या. नातवाने येऊन आजोबांच्या हातची मोडी अक्षरे पाहावीत आणि त्यांखाली स्वतःचे नाव लिहावे, असा प्रसंग पंचवटीत आजही घडतो. इतिहासाच्या अभ्यासकाला या वह्यांचे मोल मोठे आहे. स्थलांतरे, विवाहसंबंध, आडनावांतील बदल व साथींतील मृत्यू यांच्या खुणा त्यांत शोधता येतात. वस्तुसंग्रहालय ही कल्पना नाशिकला ठाऊक होण्यापूर्वीच येथे माणसांच्या नावांचा असा मोठा संग्रह उभा राहिला होता.

तथापि या संग्रहाच्या सीमाही ध्यानी घेणे अगत्याचे आहे. तो उपाध्याय व यजमान यांच्या नात्यावर आधारलेला होता. ज्यांना तीर्थविधीचा अधिकारच मान्य नव्हता, त्यांची नावे या वह्यांत शोधून सापडणे कठीण. यात्रेने लाखो लोकांना नाशिक दाखविले खरे, पण कोणी काय पाहावे याची रेघही यात्रेनेच ओढली होती.

रेल्वे, गॅझेटियर आणि अभ्यासकाची दृष्टी

१८१८ मध्ये पेशवाई संपली. १८६५ च्या आरंभी थळ घाटातील लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई व नाशिक यांच्यामधील प्रवास काही तासांवर आला. १८६४ मध्ये शहराला नगरपालिका मिळाली होती. १८६९ मध्ये स्वतंत्र नाशिक जिल्हा अस्तित्वात आला. स्थानक शहरापासून दूर असल्यामुळे शतकाच्या अखेरीस नाशिकरोड ते शहर अशी घोड्यांची ट्रामही धावू लागली. यात्रिकांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर नव्या प्रकारचा पाहुणाही येऊ लागला. त्याला स्नान करावयाचे नव्हते. त्याला लेणी मोजावयाची होती, लेखांचे ठसे घ्यावयाचे होते आणि चित्रे काढावयाची होती.

फर्ग्युसन व बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरील सोळावा खंड १८८३ मध्ये निघाला. या खंडातील लेण्यांच्या प्रकरणात पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या परिश्रमाचा वाटा मोठा आहे. लोक ज्यांना पांडवांची लेणी म्हणून ओळखत होते, ती सातवाहन व क्षत्रप काळातील बौद्ध विहारांची मालिका आहे, हे शिलालेखांच्या वाचनातून निर्विवाद सिद्ध झाले. ३ क्रमांकाच्या विहारातील गौतमी बलश्रीचा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील असून त्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुणवर्णन केले आहे. क्षहरात वंश निःशेष करणारा, असे त्याला तेथे म्हटले आहे.

या विधानाला पुढे जमिनीतूनच पुरावा मिळाला. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३ हजारांहून अधिक असलेल्या या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या मुखवट्यावर उमटलेला चैत्याचा ठसा म्हणजे पराभूत राजाचे चलन विजेत्याने आपलेसे केल्याची खूण होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेणीतील अक्षर आणि शेतातील नाणे यांनी एकमेकांस दुजोरा द्यावा, असा योग प्राचीन भारताच्या इतिहासात फार थोड्या वेळा येतो.

अभ्यासकांनी अर्थ उलगडला, परंतु नाव मात्र बदलले नाही. शासकीय फलकांवर व लोकांच्या तोंडी पांडवलेणी हाच शब्द राहिला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजासाठी ही जागा पुन्हा श्रद्धास्थान बनली आणि लेखांतील प्राकृत नावावरून घेतलेले त्रिरश्मी हे नाव आग्रहाने वापरले जाऊ लागले. डोंगराच्या पायथ्याशी बुद्धस्मारकही उभे राहिले. एकाच पायऱ्या चढून वर जाणारे दोन पाहुणे दोन वेगळी स्थाने पाहून परततात. त्यांपैकी कोणाला काय सांगितले जाते, यावर त्यांच्या पाहण्याचा आशय ठरतो.

दर्शनाचा अधिकार

पाहण्याचा प्रश्न नाशिकमध्ये सर्वांत तीव्र रूपात उभा राहिला तो १९३० साली. काळारामाच्या मंदिरात प्रवेश मिळावा, या मागणीसाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहास प्रारंभ झाला. दादासाहेब गायकवाड यांनी स्थानिक पातळीवर त्याची धुरा वाहिली. हजारोंच्या संख्येने आलेल्या स्त्रीपुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिरापाशी पोहोचली, तेव्हा दरवाजे बंद होते. ते सुमारे महिनाभर बंदच राहिले. रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रेच्या वेळी संघर्ष होऊन दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे चार वर्षांहून अधिक काळ मधूनमधून चालू राहिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली.

या सत्याग्रहाचे वर्णन सामान्यतः सामाजिक समतेच्या लढ्याचा टप्पा म्हणून केले जाते आणि ते यथार्थच आहे. नगरीच्या पाहुणचाराच्या इतिहासातही त्याचे स्थान तितकेच महत्त्वाचे आहे. ज्या काळात कोणीही परदेशी प्रवासी आगगाडीने येऊन लेणी मोकळेपणाने पाहू शकत होता, त्याच काळात जिल्ह्यातील हजारो रहिवाशांना आपल्याच नगरीतील मंदिराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. मुंबई इलाख्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये झाला आणि पुढे संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानंतर हा उंबरा कायद्याने सर्वांसाठी खुला झाला.

आज काळाराम मंदिरात येणारा पर्यटक काळ्या पाषाणातील बांधकाम पाहतो, मूर्तींचे दर्शन घेतो आणि निघून जातो. महाद्वारापाशी जे घडले, ते समजल्याशिवाय त्याचे पाहणे पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. सरदार ओढेकरांचे बांधकाम हा या वास्तूच्या इतिहासाचा एक भाग आहे आणि बंद दरवाजा हा दुसरा.

विखुरलेली संग्रहालये

नाशिकच्या गतकाळाची साधने विपुल आहेत, परंतु ती एका छताखाली नाहीत. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ही महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथसंस्थांपैकी एक होय. ग्रंथांबरोबरच जुन्या वस्तू जपण्याचे कामही या संस्थेने केले. म्हणजे सरकारी संग्रहालयाची वाट न पाहता वाचकांच्या संस्थेने ही जबाबदारी स्वीकारली. सराफ बाजारालगतचा सरकारवाडा ही पेशवेकालीन वास्तू राज्य शासनाच्या संरक्षणाखाली असून तिच्यातील लाकडी खांब, कोरीव महिरपी व चौकांची रचना हेच तिचे सर्वांत बोलके प्रदर्शन आहे.

त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी येथे १९८० मध्ये भारतीय मुद्राशास्त्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या नाणकशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन तिला लाभले. भारतीय नाण्यांचा क्रमवार परिचय करून देणारे येथील संग्रहालय देशातील मोजक्या विशेष संग्रहालयांपैकी एक आहे. जोगलटेंभीच्या साठ्यामुळे नाणकशास्त्रात ज्या जिल्ह्याचे नाव अजरामर झाले, तेथेच ही संस्था असावी, यात औचित्य आहे. नाशिकरोड येथे भारतीय तोफखान्याचे संग्रहालय आहे, तर भगूर येथील सावरकरांचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केले आहे.

जमिनीखालचे संग्रहालय मात्र अद्याप दुर्लक्षित आहे. गोदाकाठावरील जुन्या मातीच्या गढीवर ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५५ मध्ये जोर्वे येथील उत्खननासह प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाण युगापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वसाहतीचे थर तेथे आढळले. शहराच्या जन्माची ही जागा नदीच्या पुराने व पावसाने खचत असते. तिच्यावर राहणाऱ्या कुटुंबांची सुरक्षितता आणि पुराव्याचे जतन हे दोन्ही प्रश्न तेथे एकत्र येतात. पाहुण्याच्या यादीत ही गढी क्वचितच असते.

स्मारक व संग्रह यांतील अंतराचे आणखी एक उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' नंतर १९१३ मध्येच आपली चित्रनिर्मिती नाशिकला आणली. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' यांसारखे चित्रपट येथे तयार झाले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. लेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने उभारलेले फाळके स्मारक हे बाग व कारंज्यांमुळे सहलीचे ठिकाण म्हणून लोकप्रिय झाले. परंतु फाळक्यांच्या चित्रपटांचे जे थोडे भाग शिल्लक राहिले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले. ज्या नगरीत ही चित्रे जन्मली, तेथे येणाऱ्या पाहुण्याला ती रोज पाहावयास मिळावीत, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

शहराची सायंकाळ

रात्रीचे मनोरंजन हा विषय तीर्थक्षेत्राच्या संदर्भात काहीसा विसंगत वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात नाशिकच्या सायंकाळीला स्वतःचा इतिहास आहे आणि तो ऐकण्याच्या परंपरेशी निगडित आहे. दिवसाचे विधी आटोपलेला यात्रिक रात्री देवळात कीर्तनाला बसे. पुराण, कीर्तन व भजन ही त्याची करमणूक होती आणि शिक्षणही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात संगीत नाटकाची भर पडली. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि त्यांत नाशिकचा मुक्काम असे.

अशाच एका नाटकाच्या रात्री शहराच्या राजकीय इतिहासाला कलाटणी मिळाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन त्यास उपस्थित होते. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेने संतप्त झालेल्या अनंत कान्हेरे या तरुणाने तेथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते आणि भगवानलाल इंद्रजी यांनी गॅझेटियरसाठी लिहिलेला गुजरातचा प्राचीन इतिहास त्यांनीच पूर्णत्वास नेला होता. लेण्यांचे वाचन करणारी विद्या आणि शिक्षा ठोठावणारी सत्ता त्या काळी एकाच यंत्रणेचा भाग कशी होती, याचे हे दारुण उदाहरण आहे.

सायंकाळच्या सार्वजनिक जीवनाला स्थिर रूप मिळाले ते १९२२ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेमुळे. मे महिन्यातील उन्हाळी संध्याकाळी गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर विचारवंत, साहित्यिक, शास्त्रज्ञ व राजकीय नेते बोलत आणि श्रोते घाटाच्या मोकळ्या हवेत बसून ऐकत. पटांगणाला ज्यांचे नाव आहे ते देवमामलेदार यशवंत महाराज एकोणिसाव्या शतकात महसूल खात्यात मामलेदार होते, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. या मालेने शताब्दी ओलांडली. तिकीट नाही, दरवाजा नाही, त्यामुळे कोणीही यावे व बसावे अशी ही सभा होती. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेला परगावचा माणूसही सायंकाळी तेथे टेकू शकत होता.

वि. वा. शिरवाडकर यांच्या वास्तव्याने या परंपरेला वाङ्मयीन अधिष्ठान लाभले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या लोकहितवादी मंडळाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता आणि १९९० मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठान अस्तित्वात आले. महाकवी कालिदास कलामंदिर व परशुराम साईखेडकर नाट्यगृह यांनी प्रायोगिक व व्यावसायिक रंगभूमीला जागा दिली. डिसेंबर २०२१ मध्ये येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला राज्यभरातून रसिक आले होते. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडल्या जातात आणि रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या हौदांत तरुण उड्या घेतात. हा उत्सव पाहावयासही बाहेरगावचे लोक येऊ लागले आहेत.

याच्या शेजारी एकविसाव्या शतकात नवी सायंकाळ आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्याच सुमारास गंगापूर परिसरात सुला या उद्योगाने वाइननिर्मिती सुरू केली, २००५ मध्ये पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याची खोली उघडली आणि २००८ पासून संगीत महोत्सव भरविला. मुंबई व पुण्याहून आठवड्याच्या सुटीत येणारा तरुण वर्ग हा या सायंकाळीचा पाहुणा आहे. त्याच्या येण्याने हॉटेले, वाहतूक व शेती यांना चालना मिळाली. मात्र हा पाहुणा अनेकदा शहरात न शिरताच परत जातो. उषवदाताने जेथे उतारूंसाठी घरे बांधली, त्या गोवर्धनच्याच परिसरात आज ही मद्यालये व विश्रामगृहे आहेत, याची त्याला कल्पना नसते आणि ती त्याला कोणी देतही नाही.

समारोप

वरील विवेचनावरून नाशिकच्या पाहुणचाराचे तीन थर दिसून येतात. पहिला यात्रेचा, दुसरा अभ्यासाचा व तिसरा विरंगुळ्याचा. प्रत्येक थराने आपापला मार्गदर्शक निर्माण केला. यात्रिकाला उपाध्याय, अभ्यासकाला गॅझेटियर आणि सुटीच्या पाहुण्याला माहितीपत्रक मिळाले. हे तिन्ही मार्गदर्शक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. म्हणून पंचवटीत आलेल्याला बलश्रीचा लेख ठाऊक नसतो, लेणी पाहणाऱ्याला व्याख्यानमाला ठाऊक नसते आणि द्राक्षमळ्यात आलेल्याला काळाराम मंदिराचा बंद दरवाजा ठाऊक नसतो.

या तुटकपणाची किंमत केवळ ज्ञानाची नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील पर्वणीच्या दिवशी जुन्या नाशकातील अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीच्या नियोजनाकडे अधिक काळजीपूर्वक लक्ष देण्यात आले. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट व निवासव्यवस्था यांवर मोठा खर्च अपेक्षित आहे. या खर्चाचा विचार केवळ काही महिन्यांच्या गर्दीपुरता न होता कायम सोयींच्या दृष्टीने व्हावा, हे उषवदाताच्या लेखाने केव्हाच सांगून ठेवले आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर विसाव्याची जागा व पाणपोई आणि तिच्या खर्चासाठी कायम ठेव, ही त्याची रीत आजही उपयोगी आहे.

उपाध्यायांच्या वह्यांचे, त्यांच्या धारकांच्या संमतीने, छायाचित्रण व सूचीकरण, गढीच्या थरांचे संरक्षण, फाळक्यांच्या उपलब्ध चित्रांचे नित्य प्रदर्शन, लेण्यांतील लेखांचा मराठी अनुवाद त्या त्या विहाराच्या दारी आणि सत्याग्रहाचा वृत्तान्त काळाराम मंदिराच्या परिसरात ठळकपणे वाचावयास मिळणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. महाविद्यालये, वाचनालये व महापालिका यांनी मिळून ती हाती घेता येतील. ती झाली, तर नाशिकला येणारा माणूस कोणत्याही हेतूने आला असला, तरी या नगरीने कोणाला दार उघडले आणि कोणाला बराच काळ बाहेर ठेवले, हे जाणून परत जाईल.